निळ्या पाण्याचा धसका

माणसाने कारल्याच्या नादी लागू नये, असं कुठल्याही पोथीत लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर हरिलालने ते नक्की पाळलं असतं. तो पापभीरू होता, शिवाय सरकारी नोकर होता, आणि लेखी मिळालं की सरकारी नोकर काहीही पाळतो.

बेटावरच्या तेर रूज गावात कारल्याला कारलं कोणी म्हणत नाही, मार्गोझ म्हणतात. पणजोबांनी कोकणातून जहाजावर घालून आणलेल्या शब्दांपैकी पुष्कळसे उसाच्या मळ्यांत गळून गेले, त्यांतच हाही गेला. कडूपणा तेवढा शाबूत राहिला. हरिलालच्या परसात मांडवावर मार्गोझचा वेल होता आणि तो वर्षानुवर्षं कोणालाही त्रास न देता उभा होता.

हरिलाल पोर्ट लुईच्या सरकारी प्रयोगशाळेत सहायक होता. दुधात पाणी किती, रममध्ये रम किती, याचा शोध घेणं हे त्याचं काम. इस्पितळातून रोग्यांच्या लघवीच्या बाटल्याही त्याच्याच टेबलावर येत. नळीत निळं पाणी घ्यायचं, त्यात बाटलीतले काही थेंब टाकायचे आणि नळी उकळत्या पाण्यात उभी करायची. निळं निळंच राहिलं तर माणूस सुटला. हिरवं झालं, पिवळं झालं, तर साखर. विटेसारखं तांबडं झालं तर भरपूर साखर, मग देवाचं नाव घ्यावं. अशा किती नळ्या त्याने उकळल्या असतील! पण स्वतःचे थेंब त्याने त्या पाण्यात कधी घातले नव्हते. त्याचे वडील साखरेच्या दुखण्याने गेले. आधी पायाचा अंगठा, मग पाय, मग माणूस. ते ज्या वयात गेले ते वय हरिलालला आता लागत होतं. हल्ली त्याला तहान फार लागे. चार पावलं चालून आला की तो माठाशी उभा राही, आणि पाणी पिता पिता त्याला वडिलांचा अंगठा आठवे. ‘उद्या तपासू,’ तो स्वतःला सांगे. आणि सरकारी खात्यात उद्याला कधी तोटा नसतो.

अशात शेजारच्या तुलसीरामने कुंपणावरून सांगितलं, की कांप दे मास्कला त्याची एक मावशी आहे, ती रोज सकाळी मार्गोझचं पाणी पिते आणि तिची साखर पार उतरली. तुलसीराम साखर कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस. त्याला प्रत्येक गावात एक मावशी होती आणि प्रत्येक मावशीला एक रोग होऊन बरा झालेला होता. एरवी हरिलालने मान हलवून विषय सोडला असता. पण त्या दिवशी त्याचा पाय जरा बधिर झाला होता.

दुसऱ्या दिवसापासून प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात मार्गोझचं संशोधन सुरू झालं. हरिलालने फळं चिरली, पत्र्यावर वाळवली, कुटली, स्पिरिटात भिजवली, गाळली, आटवली. शेवटी तळाला काळपट हिरवा चिकट डिंक राहिला आणि वास सगळ्या इमारतीत पसरला. प्रयोगशाळेचे प्रमुख मुस्यू रूव्हे नाकाला रुमाल लावून आले.

“मुस्यू हरिलाल, हे संशोधन आहे की स्वयंपाक?”

हरिलालने मोठ्या गांभीर्याने सांगितलं, की या डिंकात साखर उतरवणारं एखादं द्रव्य असावं आणि ते शोधून काढायचा त्याचा मानस आहे. मुस्यू रूव्हे माणूस तिरसट, पण न्यायी. ते म्हणाले, “आधी माणसांतली साखर खरोखर उतरते का ते दाखवा. मग कुठल्या द्रव्याने उतरते ते आपण दोघं मिळून शोधू. आणि तोवर ती खिडकी उघडी ठेवा.”

दोघं मिळून! हरिलाल त्या रात्री दोन पोळ्या जास्त जेवला.

बेत साधा होता. आळीतल्या घरांतून लघवीचे नमुने घ्यायचे, काही जणांत साखर सापडेलच, त्यांना पंधरवडाभर मार्गोझचा रस पाजायचा आणि पुन्हा तपासायचं. त्यात आपलीही एक बाटली गुपचूप मिसळायची, हे त्याने मनाशी ठरवलं. एकट्याने फाशीच्या तख्तावर चढणं कठीण, दहा जणांत निभावून जातं.

त्याने कचेरीकडे कोऱ्या बाटल्यांची मागणी केली. अर्ज तीन टेबलं फिरून शेरा घेऊन परत आला: ‘बाटल्या परत येतेवेळी रिकाम्या असतील की भरलेल्या, याचा खुलासा करावा.’ हरिलालने लिहिलं, ‘भरलेल्या.’ पुन्हा शेरा आला: ‘कशाने?’ आता सरकारी कागदावर हे लिहायचं कसं? हरिलाल घरंदाज माणूस. त्याने पेन खाली ठेवलं आणि घरच्या बाटल्या गोळा करायला घेतल्या.

खोकल्याच्या औषधाच्या तपकिरी बाटल्या निघाल्या, केसांच्या तेलाच्या निघाल्या. तरी कमी पडल्या, तेव्हा तुलसीरामने विज्ञानाखातर रमच्या काही बाटल्या तातडीने रिकाम्या करून दिल्या. हरिलालने त्या सगळ्या सोड्याने स्वतः घासल्या, उकळत्या पाण्यातून काढल्या आणि पालथ्या घातल्या. सकाळी त्याला बस गाठायची असे, म्हणून वाटायचं काम वत्सलाकडे आलं.

वत्सला त्याची बायको. माहेर कांप दे मास्कचं, हात सढळ. कुंपणावरून आलेली वाटी तिने जन्मात कधी रिकामी परत केली नव्हती. आमटीची वाटी आली तर भाजी घालून जायची, काहीच नसलं तर निदान गुळाचा खडा. तिच्या आणि तुलसीरामच्या बायकोच्या, सरस्वतीच्या, घरांमधून वाट्यांची अशी ये-जा चाले, की कुठली वाटी मूळची कोणाची हे दोघींनाही सांगता आलं नसतं.

“हे बघ,” हरिलालने तिला बजावलं, “बाटली कोणी धुवायची न्हाय, विसळायची न्हाय. सकाळचं पहिलं त्यात धरायचं, बूच लावायचं, परत द्यायचं. बस्स. सगळ्यांना नीट सांग.”

“सांगते वो. मी काय आजच घरं हिंडतेय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटल्या आल्या. सरस्वतीने आपली बाटली आधी वर्तमानपत्रात, मग फडक्यात गुंडाळून वर केळीचं पान झाकून आणली, जशी काही नैवेद्याची ताटलीच. हरिलालने सगळ्या एका पिशवीत भरल्या. बसमध्ये पिशवी किणकिणली तेव्हा शेजारच्या माणसाने डोळा मारून विचारलं, “घरची काढलेली वाटतं?” हरिलालला खरं बोलवेना आणि खोटं सुचेना. तो पोर्ट लुईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला.

प्रयोगशाळेत त्याने पहिली नळी उकळत ठेवली. तुलसीरामची. निळं पाणी गढुळलं, हिरवं झालं, पिवळं झालं आणि बघता बघता तांबडं झालं. ‘अरेरे,’ हरिलाल म्हणाला. वाईट वाटलं, पण शास्त्रज्ञाला रोगी मिळाल्याचं थोडं बरंही वाटलं. दुसरी सरस्वतीची. तांबडी. तिसरी त्यांच्या निर्मलाची, विशीतली तगडी मुलगी. नारिंगी. चौथी, पाचवी, सहावी... हरिलालला औषधाचाच संशय आला. नुसत्या पाण्याचे थेंब टाकून बघितले, निळं निळंच राहिलं. म्हणजे औषध चुकीचं नव्हतं. चुकीची आळी होती. सगळी आळी साखरेने भरली होती.

शेवटी एक बाटली उरली. तिच्यावर नाव नव्हतं. हरिलालने दार लावलं, थेंब टाकले आणि पाठ फिरवून उभा राहिला. वळून पाहिलं तेव्हा नळीत वीट तयार झाली होती.

बसमधून परतताना त्याला आपला उजवा पाय आपला वाटेना. आळीला हे हळूहळू, गोड बोलून सांगायचं असं त्याने ठरवलं होतं. पण थांब्यावरच तुलसीराम उभा.

“काय वो हरिभाव, की आरिवे, काय झालं? तोंड का असं पडलंय?”

हरिलालने तोंड उचलायचा प्रयत्न केला, पण ते उचललं गेलं नाही. दिवेलागणीच्या आत आळीत हाहाकार झाला.

“आयुष्यभर साखरेच्या कारखान्यात राबलो,” तुलसीराम ओट्यावर बसून सांगत होता, “पगार द्यायला मालकाचा हात आखडायचा. साखर तेवढी अंगात भरून दिली बघा!”

ज्यांना काल काही होत नव्हतं त्यांना आज चक्कर येऊ लागली. कोणी चहा बिनसाखरेचा केला, कोणी चहाच सोडला. एका म्हातारीने केळ्याच्या घडाकडे बघून डोळे पुसले. आणि सगळ्यांनी मार्गोझचा रस सुरू केला. सकाळी सातच्या सुमारास सगळ्या परसांतून एकदम ‘थूः’ असा आवाज येई. बाजारात मार्गोझ मिळेना, मिळालं तर भाजीवाली तोंडाला येईल तो भाव सांगे.

या सगळ्यात रस न पिणारा माणूस एकच होता. हरिलाल पहिले तीन दिवस प्यायला. चौथ्या दिवशी पेला ओठांना लागला तसं आतून सगळं वर आलं. मग रोज सकाळी वत्सलाची पाठ वळली की तो पेला खिडकीबाहेरच्या जास्वंदीला जाऊ लागला. ‘प्रयोगात एक माणूस बिनऔषधाचा लागतोच,’ त्याने स्वतःला समजावलं. ही पद्धत शास्त्रशुद्ध आहे, फक्त तो माणूस घाबरून ठरवायचा नसतो.

आणि मग निर्मलाचं लग्न अडलं. पांपलमूसच्या एका चांगल्या घरातून तिला मागणी आली होती. मुलगा शाळामास्तर. साखरेची बातमी तिकडे पोचली आणि त्यांनी निरोप धाडला, की जरा थांबू या, आमच्याकडे थोडी अडचण आहे. अडचण म्हणजे काय हे सांगायला ज्योतिषी नको होता. सरस्वती कुंपणाशी आली. तिचे डोळे लाल होते.

“वैनी, आमच्या घरात कुणाला काय नव्हतं. तुमच्या माणसानं बाटल्या फिरवल्या न् साखर आली. माज्या पोरीचं आता कसं व्हायचं?”

वत्सलाला ते फार लागलं. त्या दिवसापासून वाट्यांची ये-जा बंद पडली. ज्याची वाटी ज्याच्या घरी होती तिथेच राहिली. हरिलाल खाली मान घालून बसपर्यंत जाई आणि खाली मान घालून येई. मुलगी आपल्यामुळे बिनलग्नाची राहील या विचाराने त्याला रात्री झोप लागत नसे, आणि जागं राहिलं की तहान लागे, आणि तहान लागली की पाय आठवे.

पंधरवडा सरला. बाटल्या पुन्हा घासल्या, पुन्हा वत्सलाने वाटल्या, पुन्हा पिशवी किणकिणत पोर्ट लुईला गेली. तुलसीरामची नळी त्याने पहिली ठेवली. निळी. हरिलालने डोळे चोळले. सरस्वतीची निळी. निर्मलाची आभाळासारखी निळी. एकामागून एक सगळ्या निळ्या! मार्गोझने साखर नुसती उतरवली नव्हती, पार हद्दपार केली होती! हरिलाल टेबलाभोवती एक फेरी नाचला. मग त्याला बिननावाची बाटली आठवली.

ती तांबडीच होती.

मुस्यू रूव्हेंनी नळ्या उजेडात धरून पाहिल्या. “सगळे बरे झाले? सगळे?” त्यांचा आवाज चढला. “आणि हा एक?”

“त्याने... रस घेतला नाही.”

“मग हा सगळ्यात भक्कम पुरावा!” मुस्यू रूव्हेंनी आयुष्यात पहिल्यांदा हरिलालच्या खांद्यावर हात ठेवला. “रविवारी मी इस्पितळाच्या डॉक्टरांना घेऊन तुमच्या गावी येतो. ही माणसं त्यांनी पाहिलीच पाहिजेत.”

तेर रूजला दिवाळी झाली. पांपलमूसची अडचण दूर झाली. तुलसीराम हरिलालला ‘दोक्तेर’ म्हणू लागला आणि आपल्या मावशीचं नाव औषधाला द्यावं असं सुचवू लागला. सरस्वती मात्र कुंपणापर्यंत येई आणि परत जाई. बोललेलं परत घ्यायला जीभ वळत नव्हती. आणि एवढ्या जयजयकारात हरिलाल ताटावरून अर्धपोटी उठत होता.

शनिवारी वत्सलाने ताट बाजूला सारलं आणि त्याच्यासमोर बसली. “काय झालंय?”

हरिलाल भडाभडा बोलला. बिननावाची बाटली, दोन्ही वेळची वीट, बाबांचा पाय, जास्वंद, सगळं. ऐकता ऐकता वत्सलाने पदर तोंडाला लावला आणि ती हुंदके देऊ लागली.

“माजंच पाप! मीच केलं हे!”

“तू काय केलंस?”

“या खेपेला मी बाटल्या रिकाम्या दिल्या वो! सरस्वती तसं बोलली, मला राग आला. म्हटलं, नेऊ देत रिकाम्याच. जन्मात मी कुणाला रिकामं भांडं दिलं नव्हतं. तेच तुमाला बाधलं!”

हरिलाल पुढे सरकला. “या खेपेला रिकाम्या. आणि पहिल्या खेपेला?”

“पहिल्या खेपेला कशी रिकामी देईन? दुसऱ्याच्या घरी भांडं जायचं! थोडी थोडी काकवी घातली होती सगळ्यांत. सगळ्या ओळीनं ठेवल्या न् ओतत गेले.”

“काकवी?”

“मग काय साखर घालू? या बेटावर साखर दिली म्हंजे काय दिलं? माहेरची काकवी होती, चांगली दाट. गूळ बाटलीच्या तोंडातून जाईना.”

हरिलाल मनाशी नळ्या मोजू लागला. साधी पांढरी साखर असती तर निळं पाणी जागचं हललंही नसतं, ते तिला ओळखतच नाही. काकवीला मात्र ते तत्काळ ओळखतं. तपकिरी बाटल्या, आणि ‘धुवायची न्हाय, विसळायची न्हाय’ हा त्याचाच हुकूम. म्हणजे तुलसीरामला साखर नव्हती. निर्मलाला नव्हती. मार्गोझने कोणाला बरं केलं नव्हतं, कारण आजारीच कोणी नव्हतं. त्याला हसू फुटलं. तो हसत सुटला, मांडी थोपटत, डोळ्यांतून पाणी येईतो हसला. वत्सलाही रडता रडता हसू लागली.

मग त्याचं हसू एकदम थांबलं. या खेपेच्या बाटल्या रिकाम्या होत्या. सगळ्या. त्याचीसुद्धा.

वत्सलालाही ते उमगलं. तिने त्याच्या उजव्या पायावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

रविवारी मोटार आळीत शिरली तेव्हा बरे झालेले रोगी धुतलेले कपडे घालून ओट्यावर बसले होते. हरिलालने सगळ्यांसमोर खरं ते सांगितलं. फ्रेंचमध्ये मुस्यू रूव्हेंना आणि मराठीत आळीला, म्हणजे अब्रू दोन भाषांत गेली. मुस्यू रूव्हे आधी लाल झाले, मग त्यांचे खांदे हलू लागले. “काकवी!” ते रुमालात तोंड खुपसून म्हणाले.

“म्हंजे आमी पंधरा दिवस ते जहर फुकटच प्यालो?” तुलसीराम उठून उभा राहिला.

“आमाला वाटलं ते तळाला सरकारी औषध हाय,” सरस्वती पुटपुटली.

आळी हसली, चिडली, पुन्हा हसली. निर्मलाला काही नव्हतंच हे कळून सरस्वतीने देवाला हात जोडले. पण डॉक्टर हसले नव्हते. त्यांनी विचारलं, “आणि ती तांबडी बाटली कोणाची?”

हरिलालने हात वर केला. वर्गात धडा न आलेल्या मुलासारखा त्याचा चेहरा झाला होता. डॉक्टरांनी त्याला आत नेलं, पाय तपासले, बोटं दाबली. बाहेर येऊन ते म्हणाले, की वेळेवर कळलं आहे, पाय ठणठणीत आहेत, पथ्य आणि गोळ्या नीट घेतल्या तर माणूस म्हातारा होईल. मार्गोझने काही होतं की नाही हे त्यांना ठाऊक नाही. कोणालाच ठाऊक नाही. पण साखर घालून चहा पिण्यापेक्षा ते नक्की बरं.

“मग संशोधन चालू ठेवा,” मुस्यू रूव्हे मोटारीत बसता बसता म्हणाले. “बाटल्या मी देतो. रिकाम्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिलाल कामावर निघायच्या तयारीत होता. आता कोणाला तोंड कसं दाखवायचं, या काळजीत त्याने बुटाची नाडी दोनदा बांधली. तेवढ्यात कुंपणाशी खुडबूड झाली. सरस्वती उभी होती, हातात वत्सलाची वाटी. पंधरवडा होत आला, तिथेच अडकलेली.

“वैनी, तुमची वाटी,” ती खाली बघत म्हणाली. “रिकामी न्हाय आणली.”

वाटीत एक हिरवंगार मार्गोझ होतं, धुऊन पुसून ठेवलेलं. तिच्या मागे दुसऱ्या घरची वाटी होती. तिसऱ्या घरची. सगळ्या आळीतून वत्सलाच्या वाट्या परत आल्या आणि प्रत्येकीत एकेक मार्गोझ. हरिलालने उगीच बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

वत्सलाने दोन चिरली, वाटली, पिळली आणि पेला त्याच्या हाती दिला. हरिलालची नजर आपोआप खिडकीकडे गेली.

“हरिभाव!” कुंपणावरून तुलसीराम ओरडला. “जास्वंदीला न्हाय घालायचं हां! ती आता बरी झालीय!”

जास्वंदीला पहिला पेला गेला त्या दिवसापासून आळीला ते माहीत होतं. सगळे कुंपणाला टेकून उभे राहिले. हरिलालने डोळे मिटले, बाबांचं नाव घेतलं आणि पेला घशाखाली उतरवला. ‘थूः’ त्याने एकट्याने केलं, पण तोंडं सगळ्यांची वाकडी झाली.

वत्सलाने पेला घेतला आणि उपडा करून पाहिला. रिकामं भांडं बघून तिला एवढं बरं आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.